देवीची उजवी, माझी उजवी

अमरावतीहून कोल्हापूरला जाणारा माणूस तीन कारणांनी जातो: अंबाबाई, चप्पल आणि मटण. मी चौथ्याच कारणाने गेलो. मला एका देवीची परीक्षा घ्यायची होती. परत आल्यापासून शेजारपाजारचे लोक फाटकाशी थांबून निकाल विचारतात, आणि मी प्रत्येकाला थोडा वेगळा सांगतो असं बायकोचं म्हणणं आहे. म्हणून एकदाच काय ते नीट लिहून ठेवतो.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून निवृत्त झालो. तेव्हापासून शाळाशाळांत जाऊन चमत्कारांमागचं विज्ञान दाखवतो. लिंबातून रक्त काढतो, पाण्याने दिवा पेटवतो. मुलं टाळ्या वाजवतात. कार्यक्रम संपला की मुख्याध्यापक मला बाजूला घेतात, आपला तळहात पुढे करतात आणि हळूच विचारतात, "सर, तुम्हाला यातलंही कळत असेल ना?"

माझी थोरली बहीण मालती, आमची ताई, चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन शाहूवाडी तालुक्यात गेली. मलकापूरच्या अलीकडे उतरून डोंगराकडे आत वळलं की तिचं गाव. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू. त्यातला एक इतका पिकला होता की आणखी थांबलं तर आतला दाब वाढून ती नजर कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशन करायचं की नाही, हे ताईने गावच्या निनाई देवीला विचारलं. म्हणजे कौल लावला. देवीच्या मूर्तीला दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिकडच्या भागात घर बांधण्यापासून म्हैस विकण्यापर्यंत सगळं यावर ठरतं.

दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, फोन आला. "मास्तर, तुमच्या ताईला देवीनं ऑपरेशनातनं सुट्टी दिलीया. डावा कौल. आता तुमीच या आन् काय ते बघा."

दाजी साखर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. एरवी प्रत्येक वाक्यानंतर स्वतःच हसणारा माणूस. या वेळी हसले नाहीत, म्हणून मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

कोल्हापूर

प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. सकाळी स्टेशनवर दाजी न्यायला आले होते. त्यांनी आधी मिसळ खायला नेलं आणि मग विचारलं, "सकाळधरनं काय खाल्लं न्हाय न्हवं?" आम्ही वऱ्हाडी माणसं तिखटाच्या बाबतीत जरा फुशारकी मारतो. मी कटाचा दुसरा वाडगा मागवला आणि म्हणालो, "आमच्याकडे याहून तिखट असतं." वाढणाऱ्या माणसाने माझ्याकडे आदराने पाहिलं. निदान मला तरी तसं वाटलं.

तिथून डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. ताईच्या गावात तपासणीचं शिबिर झालं होतं तेव्हा आलेल्या कांबळेसिस्टर तिथेच काम करतात. चाळिशीच्या, गडमुडशिंगीहून रोज स्कूटरने येणाऱ्या, आणि बोलायला एकदम रोखठोक. त्यांनी ताईसाठी दोनदा तारीख ठेवली होती आणि दोन्ही वेळा ताई फिरकली नव्हती. मी त्यांना माझा बेत सांगितला: कौल म्हणजे निव्वळ योगायोग हे प्रयोगाने दाखवायचं, म्हणजे ताईचा अडसर दूर होईल.

"देवीला खोटं पाडल्यावर मावशी येतील म्हणता?" त्यांनी विचारलं. "माझ्या सासूला कुणी खोटं पाडलं तर मी सासूच्या बाजूनं भांडीन. आन् एरवी माझं तिच्याशी पटत न्हाय."

मी म्हणालो, "तुम्ही स्वतः मानता का कौल?"

"आमच्या घरात आज्ज्यापासनं देवदेव बंद. आमी बौद्ध. पण देव बंद झाला म्हणून भ्या बंद झालं न्हाय सर. ऑपरेशनला नेताना माझ्या वडलांनी माझा हात असा दाबला हुता की बांगडी पिचली." मग त्या म्हणाल्या, "शुक्रवारची वेळ ठेवते. तिसऱ्यांदा. आणा त्यांना."

मला त्यांचं बोलणं विषयाला सोडून वाटलं. मी देवीबद्दल विचारत होतो आणि त्या वडलांबद्दल सांगत होत्या.

गाव

मलकापूरच्या गाडीत खिडकीशी बसलो. आमच्याकडे एकदा रान सुरू झालं की डोळा थकेपर्यंत सपाट. इथे प्रत्येक वळणावर नवा डोंगर पुढे येतो, तांबडी माती, उसामागे भाताच्या पट्ट्या. गाडीत शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पावणं कुठलं?" मी म्हटलं अमरावती. "लई लांबनं आला की. कोण गेलं?" कुणी गेलं नाही म्हटल्यावर तो जरा निराश झाला.

ताई दारात उभी होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, तरी ती माझ्या खांद्यापलीकडे बघत होती. आवाज दिला तेव्हा तिने हात पुढे केला आणि माझा चेहरा चाचपला. "सुधा, वाळलास की रं." मी गेल्या वर्षापेक्षा चांगला जाड झालो आहे. तरी म्हणालो, "हो, डाएट चालू आहे."

ताईची भाषा आता पूर्ण तिकडची झाली आहे. तिकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. पहिल्यांदा माहेरी येऊन ती "आई, मी आलो" म्हणाली होती तेव्हा आमच्या आईने दार उघडून आधी जावयाला शोधलं होतं.

संध्याकाळी पाहुण्यासाठी मटण. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी. वाढायची सवय ताईच्या हातातच आहे, तिला दिसण्याची गरज लागत नाही असं दाजी म्हणाले. पण दुसऱ्यांदा वाढताना तिने रस्सा वाटीऐवजी माझ्या भाकरीवर ओतला आणि तिला ते कळलं नाही. मी तशीच खाल्ली. "झेपला का रे रस्सा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडे याहून तिखट असतं."

जेवण झाल्यावर मी विषय काढला. नाणं आणि कौल यांत फरक नाही, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नाण्याला मी कुठं हळदीकुंकू वाहतो?" ती म्हणाली.

"बरं, मग तपासून बघू. देवीला असे प्रश्न विचारू ज्यांची उत्तरं आपल्याला ठाऊक आहेत. तिला सगळं कळत असेल तर बरोबर सांगेल."

दाजी सरसावून बसले. त्यांना या प्रकारात एकदम रस वाटायला लागला. "मग असं विचारू की, ह्यो मालतीचा सख्खा भाऊ हाय का?" मग स्वतःच म्हणाले, "नको. डावा आला तर सासूबाईंच्या अब्रूचा प्रश्न."

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "कौल खोटा निघाला तर मी मुकाट्यानं शुक्रवारी गाडीत बसतो. खरा निघाला तर ह्या विषयाचं परत नाव काढायचं न्हाय. कबूल?"

मी कबूल म्हणालो. मला खात्रीच होती. दाजी तेवढे माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, डोळा तिचा पणाला लागलाय. तुमचा न्हवं." त्या वाक्याने मला थोडं बिचकायला झालं, पण शब्द देऊन बसलो होतो.

देऊळ

निनाईचं देऊळ गावाच्या वरच्या अंगाला, जुन्या झाडीत आहे. गुरव शंकर म्हणून. पन्नाशीचा, बुटका, आवाज मात्र पलीकडच्या वाडीत जाईल असा. माझा बेत ऐकून तो देवळाच्या पायरीवरच बसला.

"म्हंजे तुमी आईची परीक्षा घेणार. आन् ती नापास झाली तर मी गावाला काय तोंड दाखवू?"

"तुमची देवी खरी असेल तर घाबरता कशाला?"

"तुमचं शास्त्र खरं हाय, मग तुमी अमरावतीसनं पळत कशापायी आला?"

मी लगेच अटींवर आलो. शंकरच्या अटी अशा: आंघोळ केलेली हवी, आदल्या दिवशी मटण खाल्लेलं असेल तर चालत नाही, वारं नको, अमावास्या नको आणि मागणाऱ्याचं मन साफ हवं. मी म्हटलं, "अशाने तुमची देवी कधीच नापास होणार नाही. चुकली की मन साफ नव्हतं म्हणायचं."

"आन् तुमची पोरं नापास झाली की काय म्हणत हुती? पेपर अवघड, ताप आलता, मास्तरनी शिकीवलंच न्हाय. आई निदान मास्तरवर तरी ढकलत न्हाय."

शेवटी तडजोड झाली. मटणासाठी एक दिवस थांबायचं आणि मनाची अट मागे घ्यायची. प्रयोग झाल्यावर कुणीही सबब सांगायची नाही, मीही नाही.

थांबावं लागलेल्या त्या दिवशी दाजींनी मला शेजारच्या शेतात गुऱ्हाळावर नेलं. गरम गूळ खाऊन जीभ भाजली. पण तिखटापेक्षा ते बरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे गाभाऱ्यासमोर उभे. वारं येऊ नये म्हणून दार लोटलेलं, समईचा उजेड. काळ्या पाषाणाची मूर्ती, चांदीचे डोळे. मी माझ्या अटी परत सांगितल्या. प्रश्नांची खरी उत्तरं फक्त मला माहीत असतील, म्हणजे गुरवाला काही करायला वाव नाही. आणि पाकळी कुठे पडली हे गुरवाने बोलायचं नाही, मी स्वतः पाहणार.

"ते तर हितली रीतच हाय," शंकर म्हणाला. "कौल ज्यानं मागितला त्यानंच सांगायचा. गुरवानं मधी तोंड घालायचं न्हाय." शास्त्र आणि परंपरा इतक्या सहज जुळलेली पाहून मला बरं वाटलं.

त्याने ओल्या बोटांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आई निनाई, ह्यो मालतीवैनीचा भाऊ लांबनं आलाय. तुझी परीक्षा घ्यायला आलाय. शिकलेलं लेकरू हाय, त्याचं मनावर घेऊ नको. त्याला जे पायजे ते दाखीव."

माझा पहिला प्रश्न: माझ्या खिशात रुमाल आहे का? रुमाल होता. आम्ही बघत राहिलो. पाकळी पडायला किती वेळ लागतो याची मला कल्पना नव्हती. मान अवघडली. मग डावीकडची पाकळी सुटली. म्हणजे नकार. मी आतून सुखावलो, पण चेहरा स्थिर ठेवला.

दुसरा प्रश्न: मी कधी समुद्रात पोहलो आहे का? नाही, घोट्याच्या वर मी कधी समुद्रात गेलेलो नाही. या वेळी उजवीकडची पाकळी पडली. म्हणजे होकार. दोन चुका.

तिसरा प्रश्न मी वेगळाच योजला होता, पण दाजींनी मला थांबवलं. "परवाचा रस्सा झेपला का, ते इचारा. ते तुमच्याबिगर कुणाला ठावं न्हाय." ताई गालात हसली. मला नाही म्हणता येईना. विचारलं. उजवीकडची पाकळी पडली. होकार.

मी दोन पावलं मागे येऊन जाहीर केलं, "तिन्ही चुकले."

समईची वात तडतडली. शंकरने मान खाली घातली, आणि मला खरंच त्याच्याबद्दल वाईट वाटलं. मी हळू आवाजात समजावून सांगितलं. "रुमाल खिशात आहे, देवी म्हणाली नाही. समुद्रात मी पोहलेलो नाही, देवी म्हणाली पोहलात. आणि रस्सा." इथे मी अडखळलो. पण प्रयोग म्हटला की खरं बोलावं लागतं. "रस्सा झेपला असं देवी म्हणते. झेपला नव्हता."

"न्हवता व्हय?" दाजी म्हणाले. "मग ते वऱ्हाडात याहून तिखट असतंय ते?"

"तो मुद्दा वेगळा."

शंकर डोकं खाजवत होता. "पावणं, रुमालाच्या टायमाला पाकळी कुठल्या अंगाला पडली?"

"डाव्या."

"कुणाच्या डाव्या?"

"म्हणजे काय, माझ्या."

तो खाली बसला आणि हसायला लागला. आधी हळू, मग पलीकडच्या वाडीत ऐकू जाईल असा. "आवो पावणं, कौल द्यायचा आईनं आन् हात तुमचा धरायचा व्हय? ती तुमच्याकडं तोंड करून बसलीया. तुमचं डावं ते तिचं उजवं."

तीस वर्षं मी पोरांना आरशातली डावी-उजवी शिकवली. प्रयोग सुरू करण्याआधी कुठली बाजू काय धरायची ते ठरवून घ्या, हे फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारायचो. मनातल्या मनात मी तिन्ही कौल उलटे करून पाहिले. रुमाल: हो. समुद्र: नाही. रस्सा: झेपला नाही. देवी पैकीच्या पैकी पास.

"तीन नाणी उडवली तर आठात एकदा असं होणारच," मी म्हणालो. "यातून काही सिद्ध होत नाही."

"व्हय की," दाजी म्हणाले. "आठात एकदा. आन् त्यो एकदा नेमका आज." पण त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. ते ताईकडे बघत होते, आणि मलाही तेव्हा उमगलं की मी काय करून बसलो आहे. कबूल केल्याप्रमाणे आता शुक्रवारचा विषय संपला होता. माझ्या हुशारीने मी बहिणीचा डोळा हरलो होतो.

ताई खांबाला टेकून बसली होती. ती जिंकली होती, पण जिंकलेल्या माणसासारखी दिसत नव्हती. माझी एक जुनी खोड आहे, निकाल मनासारखा आला नाही की मी आधीची निरीक्षणं परत तपासतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ताई, तुझ्या वेळी पाकळी कुठे पडली होती?"

"ह्या अंगाला," ती म्हणाली आणि तिने हात उचलला.

तो तिचा डावा हात होता.

दाजी पायरीवर बसले. शंकर एकदम समईतलं तेल बघायला लागला. मीच शेवटी म्हणालो, "म्हणजे देवीचा उजवा. देवी हो म्हणाली होती?"

"शंकर, तू हुतास की रं तितं," दाजी म्हणाले. "बोलला का न्हाईस?"

"कौल मागणाऱ्यानं सांगायचा, दादा. वैनी म्हणाल्या डावा. मला वाटलं, आईनं हो म्हटलं तरी वैनींना नको असंल. आई काय जबरदस्ती करत न्हाय."

मी ताईजवळ जाऊन बसलो. "चाळीस वर्षं या गावात आहेस. कौल कुठल्या हाताचा धरायचा हे तुला माहीत नव्हतं?"

"दिसत कुठं हुतं धड," ती म्हणाली. "पांढरं कायतरी डाव्या हाताला हललं. डावं, म्हणून मोकळी झालो."

"मग आता देवीचं ऐक ना. ती हो म्हणालीय." हे वाक्य मी म्हणालो. मी, लिंबातून रक्त काढणारा. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की ते वाक्य ते मला आयुष्यभर विसरू देणार नाहीत हे मला तिथेच कळलं.

ताई हसली नाही. तिने माझं मनगट धरलं आणि कित्येक वर्षांत तिच्या तोंडून न ऐकलेल्या आमच्या भाषेत म्हणाली, "मले भेव वाटते, सुधा."

आमच्या आईचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, फार पूर्वी, शिबिराच्या तंबूत. पट्टी काढली तेव्हा आईला त्या डोळ्याने काही दिसलं नाही, आणि पुढेही कधी दिसलं नाही. मी तेव्हा लहान होतो, मला फक्त पट्टी आठवते. ताई सोळा वर्षांची होती. पट्टी काढताना आईचा हात तिच्या हातात होता. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी तिला नाणं आणि कौल यांतला फरक समजावत बसलो होतो. मला माझीच चीड आली.

दाजी म्हणाले, "आगं, देवीचं मानलंस तरी जायाचं. न्हाय मानलंस, तर डावंबी खरं न्हाय, मग तरीबी जायाचं. ऱ्हायली ती भीती. ती घिऊन जायाची. गाडीत जागा हाय."

ताईने नाक पुसलं. "येतो," ती म्हणाली. "पण सुधा माझ्याजवळ पायजे."

पुन्हा कोल्हापूर

गुरुवारी संध्याकाळीच शहरात येऊन राहिलो. दाजींनी आम्हाला दूध कट्ट्यावर नेलं. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, पुढ्यात धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. आमच्याकडे दूध उकळल्याशिवाय पोटात गेलं तर आजार होतो असं आई सांगायची. मी जंतूंबद्दल दोन शब्द बोललो. दाजी म्हणाले, "इतकी वर्षं पितोय, बघा की." मी म्हटलं, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. ताईने पेला तोंडाला लावता लावता सांगितलं, "आता ह्याला कुणीतरी गप करा." पांढरी मिशी घेऊन ती हसली. ते हसणं बघून मीही प्यालो, आणि आजारी पडलो नाही.

सकाळी दवाखान्यात मात्र तिचं हसणं गेलं होतं. ऑपरेशनआधीच्या खोलीत पलंगावर ती ताठ बसली होती. कांबळेसिस्टरांनी बीपी मोजलं, थोडा वेळ थांबून परत मोजलं, आणि मला बाजूला घेतलं.

"लई चढलंय सर. असंच ऱ्हायलं तर डॉक्टर आज करायचे न्हाईत. परत घरी गेल्या तर चौथ्यांदा येतील असं मला वाटत न्हाय."

मी पलंगाशी गेलो. ऑपरेशन किती सोपं असतं, किती लोकांचं रोज होतं, सगळं सांगितलं. ताई मान हलवत राहिली. त्या खोलीच्या भिंतीवर अंबाबाईची एक तसबीर होती आणि तिच्या शेजारी बुद्धाचं छोटं चित्र. ते सिस्टरांनी लावलं असावं. ताईने तसबिरीच्या दिशेने हात केला. तिला ती नीट दिसत नसणार, पण तिथे आहे हे तिने कुणाला तरी विचारून ठेवलं होतं.

"सुधा, एकदा हात जोड."

"ताई, तुला माहीत आहे मी—"

"माझ्यासाठी जोड. तुझा विश्वास नको मला. हात पायजेत."

समजायला लागल्यापासून मी कधी कुठल्या मूर्तीला हात जोडलेले नाहीत. वडील गेले तेव्हाही नाही. दाराशी दाजी उभे होते, सिस्टर उभ्या होत्या. मी हात जोडले. डोळेही मिटले. मिटायचं काही ठरवलं नव्हतं. मिटल्यावर मनात एकच वाक्य आलं, हिचं नीट होऊ दे, आणि ते कुणाला उद्देशून होतं हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. डोळे उघडले तेव्हा ताई माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे खाली आले होते.

सिस्टरांनी पट्टा परत गुंडाळला. काट्याकडे बघत त्या म्हणाल्या, "उतरलं. चला, घेऊ."

मी घसा साफ केला. "एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. तेवढ्या वेळात आपोआपही उतरलं असेल."

"बरोबर हाय तुमचं," सिस्टर ताईला चाकाच्या खुर्चीत बसवत म्हणाल्या. "मग दुसऱ्या डोळ्याला परत करून बघा की."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. ताईचा हात माझ्या हातात होता. तिने डोळा उघडला, मिटला, परत उघडला. बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली.

"शर्टाची बटणं वरखाली लावलीयास," ती म्हणाली. "आन् वाळला कुठं हाईस, चांगला सुटलायस की."

दाजी बाहेर जाऊन उभे राहिले, नाक शिंकरल्याचा आवाज आत आला.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. माझं तिकीट झालं आहे. सिस्टरांचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे, प्रयोग परत केला पाहिजे. पण शास्त्र आणखीही एक गोष्ट सांगतं, जी मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो. हात जोडल्याने बीपी उतरलं का, हे खरंच तपासायचं तर या वेळी हात जोडायचे नाहीत, आणि काय होतं ते बघायचं. तुलना केल्याशिवाय निष्कर्ष नाही. प्रयोगाची मांडणी मला पूर्ण तयार दिसते आहे, त्यात एकही चूक नाही.

मी हात जोडणार आहे.